हयात सभासदाचा दुखवटा

वाशिम, सोमवार, ता. १ फेब्रुवारी १९४३

मी, यशवंत रामचंद्र पिंपळखुटे, बी. कॉम., वय चोपन्न, वाशिम येथील दिवाणी कोर्टाचा शिरस्तेदार आणि कोर्ट कारकून संघाच्या वाशिम शाखेचा चिटणीस, आजपासून ही खाजगी टिपणे ठेवीत आहे. संघाचे इतिवृत्त मीच लिहितो. त्यात झालेले ठराव येतात. बाकीचे जे होते ते येत नाही. त्यासाठी ही वही. जूनअखेर सेवानिवृत्ती. तोवर लिहीन, पुढचे पुढे.

वार्षिक सभा ता. १४, रविवार, नक्कलखान्यात, म्हणजे कागदांच्या नकला करण्याच्या खोलीत. विषय: नक्कलखान्यास पूर्वेकडून खिडकी मागण्याचा अर्ज, बेलिफांना सभासद करून घ्यावे की कसे, ईस्टरच्या सुट्टीत अकोल्यास भरणाऱ्या जिल्हा संघाच्या अधिवेशनासाठी अहवाल. सभेस परवानगी मिळाली. हल्ली चार माणसे एकत्र बसली तरी विचारणा होते, म्हणून अर्जात ‘केवळ नोकरीविषयक’ हे शब्द दोन ठिकाणी घातले होते.

नोटिसा बेलिफांबरोबर दिल्या. वहिवाट जुनी आहे: समन्स घेऊन बेलीफ ज्या गावी जातो तेथील आमच्या सभासदाची नोटीसही तोच नेतो, आणि समन्सासारखाच पाठीवर शेरा लिहून आणतो. आसेगावची नोटीस तुळशीराम बेलिफाकडे. तेथे सभासद एकच, किसनराव राऊत, निवृत्त नाझर. सारे बेलीफ एके काळी त्यांच्या हाताखाली. निवृत्तीनंतर संघाने त्यांना सन्माननीय सभासद केले. तीन वर्षांत एकाही सभेस आले नाहीत. गेल्या वर्षी नोटिशीच्या पाठीवर फक्त ‘पोचली’.

मंगळवार, ता. ९ फेब्रुवारी

तुळशीरामाचा गठ्ठा आला. तो स्वतः किन्हीराजाकडे पुढे गेला. गठ्ठा दुसऱ्याच्या हाती पाठविला. किसनरावांच्या नोटिशीवर शेरा:

‘घरी जाऊन चौकशी करता सदर इसम मयत असल्याचे समजले. सबब नोटीस परत.’

सही, तारीख, गाव. खाडाखोड नाही. सभासदांच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिले. नंतर उद्याच्या दाव्यांचे कागद लावले. जज्जसाहेबांपुढे ठेवले. सर्व वेळेवर झाले.

खाणावळीत सरूबाई म्हणाली, “काहून साहेब, भाकर सोडून दिली?” म्हटले, किसनराव नाझर गेले. तिचा तव्यावरचा हात थांबला. “कोन, थे ठेचा मागत जाये थे?” होय, तेच.

बुधवार, ता. १०

अकरा वर्षे आम्ही एका खोलीत राहिलो. त्यांची पत्नी लवकर गेली, माझीही. त्यांना मूल नाही, मलाही नाही. संध्याकाळी ते गावोगावच्या जप्तीच्या हकिकती सांगत आणि मी ऐकत असे. मी फारसे बोलल्याचे स्मरत नाही. तरी संभाषण होत असे.

आसेगावास जावे काय? शेऱ्यावर तारीख आहे, ती शेऱ्याची, मृत्यूची नाही. तेरवी होऊनही गेली असेल. ते ज्यांच्याकडे राहत ते भाऊ-भावजय मला ओळखत नाहीत. कोणत्या नात्याने दारात उभे राहावे, हे काही ठरत नाही.

रविवार, ता. १४ फेब्रुवारी

सभा. उपस्थिती सतरा. खिडकीचा अर्ज संमत. बेलिफांचा प्रश्न पुढील सभेवर. शेवटी अध्यक्ष श्री. वानखडे, मुख्य नक्कलनवीस, यांनी किसनरावांच्या दुखवट्याचा ठराव मांडला. अनुमोदन मजकडे. दोन वाक्ये लिहून नेली होती. ती वाचली, कागदाची घडी केली, आणि खाली बसण्याऐवजी बोलत राहिलो.

किती वेळ ते सांगता येत नाही. घड्याळ माझ्या पाठीमागे होते. कोणी हलले नाही, एवढे लक्षात आहे.

बाहेर आल्यावर वानखडे म्हणाले, “साहेब, तुमी इतकं बोलता हे आमाले मालूम नव्हतं.”

इतिवृत्तात लिहिले: ‘चिटणीसांनी समयोचित चार शब्द सांगितले.’

ठरावाच्या दोन प्रती काढल्या, सोबत इतिवृत्ताचा उतारा. एक अकोल्यास जिल्हा संघाकडे. दुसरी टपालाने: ‘मयताचे वारस, मु. आसेगाव, ता. मंगरूळपीर.’

रविवार, ता. २१

कोर्ट बंद. सकाळपासून उच्चारलेले शब्द: ‘दूध’, ‘नको’, ‘ठेवा’. संध्याकाळपर्यंत भर पडली नाही. उद्या सकाळी कोर्टात पहिला दावा पुकारला जाईल तेव्हा माझा आवाज फुटणार नाही, खाकरावे लागेल. दर सोमवारी असे होते. किसनराव वाशिम सोडून गेल्यापासून होते.

हे मी सभेत सांगितले. सतरा माणसांपुढे. कशासाठी सांगितले असेन?

मंगळवार, ता. २ मार्च

आसेगावहून कार्ड. उतरून ठेवतो.

‘चिटणीस, कोर्ट कारकून संघ, शाखा वाशिम, यांस. दुखवट्याच्या ठरावाची प्रत पोचली. मयतास पोटचा वारस नसल्याकारणाने ती मयताने स्वतः घेतली. ठरावात मयताची नोकरी बत्तीस वर्षे दाखविली आहे, ती तेहतीस आहे. दुरुस्ती व्हावी. किसन राऊत, मयत, हल्ली मुक्काम आसेगाव.’

अक्षर त्यांचेच. टपालाचा शिक्का परवाचा. म्हणजे हयात.

प्रथम राग आला. मग उठून नक्कलखान्याच्या दारापर्यंत गेलो, आणि कोणास काय सांगावयास आलो ते आठवेना. परत येऊन बसलो. कार्ड खिशातच होते.

बुधवार, ता. ३ मार्च

तुळशीरामास बोलाविले.

“किसनराव जिवंत आहेत.”

“हाव साहेब.”

“तुम्ही त्यांना पाहिले?”

“पाहिलं म्हंजे? च्या पाजला त्यायनं.”

“मग हा शेरा कसा लिहिला?”

“म्या नोटीस पुढं केली त थे म्हनले, लिहून टाक, मेला म्हनून. म्या म्हनलं नाझरसाहेब, असं कसं लिवू? त म्हनले, मी सांगतो तसं लिही. अन शब्दन् शब्द सांगतला. त्यायनंच शिकवलं मले शेरे लिवाले, नाई म्हनता येते का?”

“खोटा शेरा आहे हा, तुळशीराम.”

“खोटं काय हाये त्यात? घरी गेलो. चौकशी केली. मयत हाये असं समजलं. कोनापासून समजलं थे कोठी लिवलं?”

शेऱ्याची भाषा निर्दोष होती, कारण ती किसनरावांची होती. आणि निर्दोष शेऱ्यावर विचारणा करण्याची मला सवय नाही.

नोटीस संघाची, खाजगी. कोर्टाचे समन्स नव्हे. वर कळविण्याचे कारण नाही. कळविणार नाही, असे त्यास सांगितले. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “थे हासून नाई म्हनले साहेब. म्हनून लिवलं म्या.”

शनिवार, ता. ६ मार्च

बातमी सर्वत्र. नक्कलखान्यात आज दिवसभर एकमेकांस ‘मयत हजर आहे काय’ असे पुकारणे चालले होते. मी आत गेलो की थांबत असे.

वानखडे: “फाडून टाकू न साहेब ठराव. कोन इचारते?”

म्हटले, अकोल्यास प्रत गेली आहे. ठराव रद्द करावयाचा तर विशेष सभा हवी, आठवड्याची नोटीस हवी, आणि ज्याच्याविषयी ठराव आहे त्याचे म्हणणे मागवावे लागते.

“म्हंजे मेलेल्याले इचारून मंग जिवंत करावं?”

“नियम तसा आहे.”

“कोनं केला हा नियम?”

“मी.”

सर्वजण हसले. हसणे वाईट हेतूचे नव्हते.

तुळशीराम दुसरी नोटीस नेण्यास तयार नाही. “या खेपेले काय लिवाले लावतीन, काय मालूम.” दुसऱ्या कोणाची आसेगावकडे फेरी नाही. तेव्हा मीच जाणार. पुढच्या रविवारी.

रविवार, ता. १४ मार्च

मंगरूळपीरपर्यंत कोळशाच्या गॅसवरची मोटर. गावाआधीच्या चढावर उतारूंना उतरून ढकलावी लागली, मीही ढकलली. पुढे एक रिकामी बैलगाडी मिळाली.

किसनराव ओट्यावर अंबाडीचा दोर वळीत बसले होते. वाळले आहेत. मिशा पूर्ण पांढऱ्या. उठले नाहीत.

“ये बीकॉम. बजावाले आला का?”

या नावाने हाक मारणारा दुसरा मनुष्य नाही. मी नोटीस पुढे केली. त्यांनी दोराचे टोक पायाच्या अंगठ्यात धरले होते. हात रिकामे केले नाहीत.

“वाच.”

वाचली. आपणाविषयी संमत झालेला दुखवट्याचा ठराव रद्द करण्याबाबत आपले म्हणणे काय, वगैरे.

“माहं म्हननं? राहू द्या म्हना. मले काई तरास नाई त्याचा.”

मी म्हणालो, आपण हयात असता तो ठराव कायम ठेवता येणार नाही.

“तीन साल झाले मले अथी येऊन. तुह्या तीन नोटिशी आल्या. खाली सही, चिटणीस. कसा हायेस म्हनून एक कार्ड नाई.” दोर पुन्हा वळू लागले. “म्हनलं, मेलो असं लिहून पाहू. मंग त येईन. अन तू ठराव धाडला.”

“शेरा होता,” मी म्हणालो.

“शेरा होता. तेरवीले बी नाई आला लेका.”

त्यांची भावजय ताक घेऊन आली होती. ती खालच्या आवाजात मला म्हणाली, “थो बेलीफ गेल्यावर दादाजी रोज मोटरीचे लोक यायच्या टायमाले फाट्यावर जाऊन बसत, भाऊ. आमाले वाटे, कोनी पाहुना येनार हाये.”

“तू जाय आत,” किसनराव म्हणाले. ती गेली.

ताक प्यालो. जिरे होते. काही बोलावे म्हणून पिकांविषयी विचारले.

“उतारा वाचला म्या,” दोराला पीळ देत ते म्हणाले. “चिटणीसानं चार शब्द सांगतले म्हने. कोनते?”

“प्रसंगास योग्य असे.”

“थे लिवलंच हाये त्यात. कोनते चार?”

नक्कलखान्यात जे थांबविता आले नव्हते ते ओट्यावर सुरू करता येईना. मोटरीची वेळ झाली, असे म्हणालो. झाली नव्हती. त्यांनाही ते ठाऊक होते. त्या मोटरीची वेळ त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

“जाय मंग,” म्हणाले.

नोटीस घेतली नाही, सही केली नाही. पाठीवर शेरा मलाच लिहावा लागला: ‘समक्ष भेट झाली. घेण्यास नकार.’ मंगरूळपीरला मोटरीची बराच वेळ वाट पाहत बसलो.

रविवार, ता. २८ मार्च

विशेष सभा. दुखवट्याचा ठराव रद्द. कारण: ‘श्री. किसनराव राऊत हयात असल्याचे चिटणीसांनी समक्ष पाहिले.’ एकमताने. बत्तीसची तेहतीस ही दुरुस्ती कोठे करावी हा प्रश्न राहिला, कारण ज्यात चूक होती तो ठरावच आता अस्तित्वात नाही. वानखडे म्हणाले, “पुढच्या खेपेले ध्यानात ठेवू.” पुन्हा हशा.

जिल्हा संघास कळविले. यादीत नाव पूर्ववत् केले. काम नियमाप्रमाणे पुरे झाले आहे.

संध्याकाळी खोलीत आलो. पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

शुक्रवार, ता. ९ एप्रिल

अकोल्याहून पत्र. अधिवेशन ता. २४ व २५, शनिवार-रविवार. शाखेचा अहवाल मी वाचावयाचा. शिवाय पहिल्या दिवशी सकाळी निवृत्त होणाऱ्या पदाधिकाऱ्यांचा सत्कार. त्यात माझे नाव. संघ स्थापन झाल्यापासून एकही अधिवेशन चुकविलेले नाही. यंदाचे अखेरचे.

आसेगावास कार्ड लिहावयास घेतले. ‘यांस’ पर्यंत लिहिले. दुसरे घेतले. ‘आपले कार्ड पोचले’. ते तर नोटिशीवरच्या शेऱ्यासारखे झाले. तिसऱ्यावर चार ओळी झाल्या. वाचून पाहता त्यांत खिडकीच्या अर्जाची हकीकत होती. खाली सवयीने ‘चिटणीस’. फाडले.

व्यापारी पत्रव्यवहार हा विषय मला कॉलेजात होता. पहिल्या वर्गात आलो होतो.

सोमवार, ता. १२

आवाज फुटला नाही. साहेबांनी विचारले, प्रकृती बरी नाही काय. बरी आहे.

शनिवार, ता. १७

नक्कलखान्यास खिडकी मंजूर. वानखड्यांनी सर्वांस पेढे दिले. माझा पेढा घरी आणला. खोलीत येऊन दोन भाग केले, असे करण्याची पूर्वीची सवय. दुसरा भाग तसाच कागदावर. मुंग्या.

अकोल्यास गेलो तर चार दिवसांची सुट्टी तेथे संपेल. त्यानंतर मेची सुट्टी, मग जून. आणि जूननंतर आसेगावास जाण्यासाठी नोटीस, सभा, ठराव यांतील काहीच मजपाशी असणार नाही. निमित्त असतानाही ज्यास तेथे थांबता आले नाही तो तेव्हा जाईल काय? जाणार नाही. मी मला ओळखतो.

बुधवार, ता. २१ एप्रिल

वानखड्यांस अहवाल दिला. अकोल्यास आपण वाचावा, असे सांगितले.

“अन तुमी?”

“मी येत नाही.”

“सत्कार हाये न तुमचा. हार सांगतला हाये त्यायनं. तुमी नसान त कोनाच्या गळ्यात घालतीन?”

“किसनरावांचा दुखवटा त्यांच्यावाचून अडला नाही. हेही होईल.”

वानखडे हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. “आसेगावले जाता का?”

“होय.”

“मंग जा साहेब. नोटीस नका नेऊ फक्त.”

हे मला स्वतः सुचले नसते, असे मात्र नाही. तरी त्यांनी सांगितले ते बरे झाले. मी खरोखरच अधिवेशनाची छापील पत्रिका पिशवीत घातली होती. घरी आल्यावर काढून ठेवली.

मुक्काम आसेगाव, शनिवार, ता. २४ एप्रिल १९४३

काल तिसऱ्या प्रहरी पोहोचलो. ऊन फार. फाट्यावर कोणी नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, येतो असे कळविले नव्हते. ओट्यावर किसनराव पडले होते. मला पाहून उठून बसले.

“या खेपेले काय आनलं?”

“काही नाही.”

“संघाचं काम?”

“नाही.”

“मंग काहून आला?”

म्हटले, सुट्टी आहे.

“आज अकोल्याले जात अस्तीन न सारे?”

“जात आहेत.”

त्यांनी हात पुढे केला. मग, “पाहू पिशवी.” दिली. तेहतीस वर्षे जप्त्या केलेल्या हातांनी एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली: धोतर, टॉवेल, दाढीचे सामान, सरूबाईने बांधून दिलेला ठेचा, ही वही. वही उघडली नाही. छापील कागद नाही अशी खात्री झाल्यावर सर्व पूर्ववत् भरले आणि पिशवी आत नेऊन स्वतःच्या खुंटीला अडकविली.

“ठेचा राह्यला भाईर,” भावजय म्हणाली.

“थो जप्त,” ते म्हणाले.

जेवताना भाऊ आणि भावजय होती. नंतर आम्ही दोघे ओट्यावर. मला ठाऊक होते, ते कशाची वाट पाहत आहेत. नक्कलखान्यात सतरा माणसे होती आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते नव्हते. येथे तेवढेच एक होते, आणि सुपारी कातरीत होते.

मी म्हणालो, “तुम्ही गेल्यापासून रविवारी माझे कोणाशी…”

इतकेच झाले. अडकित्ता थांबला. मीही थांबलो. गोठ्यात बैलाने मान हलविली, घुंगरू वाजले.

“एक झाला,” सुपारीचे खांड माझ्या हातावर ठेवीत ते म्हणाले. “तीन राह्यले. उद्या सांगजो. मी काई कोठी जाऊन नाई राह्यलो.”

आज सकाळी विहिरीवर निघताना, पायात वहाण सरकवीत, माझ्याकडे न पाहता: “जूनात सुटशीन. मंग कोठी राह्यनार तू?” ठरलेले नाही, असे मी म्हणालो. “अथची वसरी रिकामी हाये,” एवढे बोलून गेले. ओसरीचे हे आमंत्रण होते की केवळ माहिती, याचा निर्णय मला करता आलेला नाही. विचारावयास हवे.

अकोल्यास आता वानखडे अहवाल वाचीत असतील. खिडकीचा उल्लेख आला की टाळ्या पडतील.

पुढचे वाक्य मनाशी जुळवून ठेवले आहे. कागदावर उतरवीत नाही. विहिरीकडून येताना दिसत आहेत. दोन्ही हातांत बादल्या. त्या खाली ठेवू द्याव्यात, मग सांगेन.

यशवंत रामचंद्र पिंपळखुटे
मुक्काम आसेगाव, ता. २४ एप्रिल १९४३